पंप मेला, पण मारला कुणी?

मित्रांनो, सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करते. पहिली म्हणजे माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी तिथे थर्ड लँग्वेज होती आणि निबंधाची गाडी 'माझा आवडता प्राणी'च्या पुढे कधी गेली नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दुसरी कबुली जरा जड आहे. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असल्याचा तोरा मिरवत मी गेल्या दिवाळीत मामांच्या गाडीचं 'निदान' केलं आणि त्यांचे आठ हजार रुपये पाण्यात घातले. अक्षरशः पाण्यात! कसे ते पुढे येईलच.

त्या आठ हजारांत मी जे शिकले ते तुम्हाला फुकटात मिळावं, म्हणून हा लेख.

मामा इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला असतात. डाळिंबाची बाग आहे. एका वर्षी डाळिंबाला भाव बरा मिळाला तेव्हा त्यांनी पुण्याहून परदेशी बनावटीची एक सेकंडहँड पेट्रोल कार आणली. गाडी जुनी, पण मामांचा जीव तिच्यावर. दिवाळीच्या सुट्टीत मी बारामतीहून एसटीने भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे करत घरी पोचले, तर मामा काळजीत. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता तो जातच नव्हता. एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की सायलेन्सरची लाइन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट बदलावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मामी म्हणाल्या, "एवढ्यात ठिबकची लाइन नवी होईल." दुसरा गॅरेजवाला म्हणाला, "काही बदलू नका, प्लेट मारून बंद करून टाकतो." दोन डॉक्टर, दोन औषधं. आणि तिसरी डॉक्टर म्हणजे मी, हॉस्टेलवरून नुकतीच उतरलेली.

स्कॅनर माझ्याकडे होता. ओबीडीच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मोबाइलवर बघायचा, तो स्वस्तातला. कोड आला पी ०४११. त्याचा अर्थ, सेकंडरी एअर इंजेक्शनमध्ये हवेचा प्रवाह चुकीचा आहे.

हा पंप असतो तरी कशाला?

सेकंडरी एअर इंजेक्शन म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी जास्त चांगलं समजावलं. काका आधी साखर कारखान्यात बॉयलर हाउसला होते. ते म्हणाले, "पोरी, गळीत हंगामात कारखान्याची चिमणी बघितलीस का? धूर काळा कधी येतो?"

आपल्या बारामती-इंदापूर भागात कारखान्याची चिमणी न बघितलेला माणूस सापडणं अवघड. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, कुठेही बघा. वालचंदनगरच्या कारखान्याने तर अनेक साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडवली. या कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतो तो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. बगॅसला जाळीखालून हवा देतात, ती पहिली हवा. पण तापल्यावर बगॅसमधून जळाऊ वायू निघतात आणि बारीक भुसा वर उडतो. हे सगळं जाळायला खालची हवा पुरत नाही. म्हणून जाळीच्या वरच्या बाजूने वेगळ्या पंख्याने जोरात हवा सोडतात. ती दुसरी हवा, सेकंडरी एअर. ती कमी पडली की अर्धवट जळलेलं सगळं चिमणीतून काळ्या धुराच्या रूपात बाहेर जातं.

गाडीतही कल्पना तीच. फरक एवढाच की बॉयलरमध्ये ही हवा सतत लागते, गाडीत फक्त सुरुवातीचं मिनिट-दीड मिनिट.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडतो. एका भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण. थंड इंजिनात पेट्रोल त्यापेक्षा जास्त असतं. ते सगळं जळत नाही. एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन बाहेर पडतं. एरवी ही घाण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साफ करतो, पण तो स्वतः साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे घाण सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच सफाईवाला झोपलेला!

इथे आपला पंप येतो. हा एक विजेवर चालणारा छोटा ब्लोअर. इंजिन थंड सुरू झालं की तो ताजी हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, एक्झॉस्टच्या तोंडाशी सोडतो. सिलिंडरमध्ये सोडत नाही, हे लक्षात ठेवा. तिथे वायू अजून खूप गरम असतात, त्यामुळे ऑक्सिजन मिळताच उरलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळतं. एकाच वेळी दोन फायदे. घाण कमी होते, आणि त्या जळण्याच्या उष्णतेने कन्व्हर्टर लवकर तापतो.

कन्व्हर्टर तापला की पंप बंद व्हायलाच हवा. कारण नंतर कन्व्हर्टरला नायट्रोजनचे ऑक्साइड्सही मोडायचे असतात आणि जादा ऑक्सिजन त्यात अडथळा आणतो. म्हणून पंप आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह असतो. पंप चालू असताना तो उघडतो, पंप थांबला की घट्ट बंद. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्या व्हॅक्युमवर उघडतो, काहींत विजेवर. हा व्हॉल्व्ह नीट लक्षात ठेवा. या गोष्टीतला खलनायक तोच आहे.

थोडा इतिहास. एक्झॉस्टमध्ये हवा सोडण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या गाड्यांवर १९६६ पासून पट्ट्यावर चालणारे असे पंप येऊ लागले. युरोपात २००० साली युरो-३ नियम आले. तोपर्यंत प्रदूषणाच्या चाचणीत इंजिन सुरू झाल्यावरची पहिली ४० सेकंदं मोजतच नसत. ती सवलत गेली आणि थंड इंजिनाचा धूर कंपन्यांना एकदम महत्त्वाचा झाला. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. देशभर बीएस-३ लागू झालं २०१० मध्ये, बीएस-४ २०१७ मध्ये आणि बीएस-६ २०२० मध्ये.

तरी आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हा पंप नसतोच. कन्व्हर्टर इंजिनच्या अगदी जवळ बसवून आणि स्पार्क थोडा उशिरा देऊन तो लवकर तापवतात. पंप सापडतो तो मुख्यतः काही मोठ्या आणि परदेशी बनावटीच्या पेट्रोल गाड्यांत. पण हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या बाइकवाल्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या इंजिनवर याच कामाचा एक पाइप असतो. तिथे पंप नसतो. एक्झॉस्टमध्ये दाबाच्या लाटा उठतात, दाब क्षणभर कमी झाला की एका पातळ पत्तीच्या व्हॉल्व्हमधून हवा आपोआप आत ओढली जाते.

माझं दिवाळीतलं निदान

आता माझा पराक्रम ऐका. मामा दुपारी इंदापूरच्या बाजारातून परत आले आणि मी लगेच बॉनेट उघडलं. गाडी सुरू केली, कान लावला. पंपाचा आवाज नाही. मी जाहीर केलं, "मामा, पंप गेलाय."

पहिली चूक इथेच. गाडी इंदापूरहून नुकतीच आलेली, इंजिन गरम. गरम इंजिनात हा पंप सुरू होतच नाही, चांगला असला तरी. आजारी माणसाला ताप आहे का हे त्याच्या फोटोवर थर्मामीटर लावून बघावं, तसा तो प्रकार.

मग मी पंपाचा कनेक्टर काढून बॅटरीवरून थेट सप्लाय दिला. पंप ढिम्म. म्हणजे पंप खरोखरच मेला होता, माझं नशीब. मी ताठ मानेने पुण्याहून वापरलेला पंप मागवायला सांगितला. गाडीभाड्यासकट आठ हजार. बसवला, कोड पुसला, दिवा गेला. मामींनी माझ्यासाठी खास पुरणपोळी केली. मामा शेजाऱ्यांना सांगत सुटले, "आमची भाची इंजिनिअर. गॅरेजवाले लाखाच्या गोष्टी करत होते, हिने आठ हजारांत काम केलं."

याच काळात मामा दोन गोष्टी बोलले होते. एक म्हणजे, गाडी उभी असताना "फुसफुस" असा आवाज येतो. दुसरी, हल्ली ॲव्हरेज थोडं कमी झालंय. मी म्हटलं, "मामा, गाडी जुनी आहे, चालायचंच." आज हे लिहितानाही लाज वाटते. डॉक्टरने पेशंटचं बोलणं मध्येच तोडावं तसं मी केलं.

फेब्रुवारीत मामांचा फोन आला. "अगं, तो दिवा परत लागला." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं.

पुन्हा तोच दिवा

मामांना बारामतीत काम होतंच. एका संध्याकाळी त्यांनी गाडी आणली आणि सरांच्या परवानगीने ती रात्रभर वर्कशॉपमागे ठेवली. म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड. साडेसहाला काका आणि मी हजर. गाडी सुरू केली. नवा म्हणून घेतलेला पंप दोन सेकंद घोगरा ओरडला आणि फ्यूज उडाला.

पंप काढून उलटा केला तर त्यातून जवळजवळ अर्धा कप तांबूस पाणी पडलं. गंजाचं पाणी, काजळीच्या वासाचं. मामांचे आठ हजार त्या पाण्यात तरंगत होते.

काकांनी पंप हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "पंप मेलाय हे खरंय. पर मारला कुणी, ते इचारलंस का?"

मी गप्प. खरंच विचारलं नव्हतं. दिवाळीत मला मेलेला पंप सापडला आणि मी तिथेच थांबले. तो का मेला हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

काका पुढे म्हणाले, "हा पंप भाईरची हवा घेतो. भाईरच्या हवेला काजळीचा वास कसा?"

मग उत्तर समोरच होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात ते एक्झॉस्टमधून जातं. मधला व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर ही वाफ आणि काजळी उलटी पाइपातून पंपापर्यंत येते. थंड झाली की तिचं पाणी होतं. रोज थोडं थोडं. आत बेअरिंग गंजतं, मोटर जाम होते, फ्यूज उडतो. पहिला पंप तसाच मेला आणि मी त्याच मारेकऱ्याच्या शेजारी दुसरा पंप नेऊन बसवला!

काकांनी पंपाकडून येणारा पाइप व्हॉल्व्हपाशी काढला, इंजिन गरम होऊ दिलं आणि माझ्या जर्नलच्या कागदाची एक पट्टी चिमट्यात धरून व्हॉल्व्हच्या तोंडासमोर नेली. पट्टी फडफडायला लागली आणि कडेने काळी झाली. व्हॉल्व्ह बंद असता तर तिथे काहीच यायला नको होतं. मामांची "फुसफुस" ती हीच. आणि ॲव्हरेज? त्याच उघड्या वाटेने हवाही एक्झॉस्टमध्ये जात होती. ऑक्सिजन सेन्सरला वाटत होतं की पेट्रोल कमी पडतंय, म्हणून ईसीयू जास्त पेट्रोल सोडत होता. मामांनी दिवाळीतच अर्धं निदान सांगून टाकलं होतं, ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

व्हॉल्व्ह खोलला तर बैठकीवर कार्बनचा थर आणि मधली पत्ती अर्धवट अडकलेली.

मराठीत म्हण आहे ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सोमेश्वरनगर आपल्याच तालुक्यात असल्याने मला ही म्हण पाठ आहे. मी केलं ते तेच.

कोड म्हणजे निदान नव्हे

आता थोडं शास्त्र. पी ०४११ हा कोड 'पंप खराब आहे' असं सांगत नाही. ईसीयूने पंपाला चालू व्हायला सांगितलं, मग एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघितलं. हवा पोचली असती तर सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसला असता. तो दिसला नाही. कोड तेवढंच सांगतो. हवा का पोचली नाही हे ईसीयूला माहीत नसतं.

याच घराण्यातले बाकीचे कोडही ओळखून ठेवा. पी ०४१० म्हणजे या यंत्रणेत कुठेतरी बिघाड. पी ०४१२ ते पी ०४१४ म्हणजे हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या विजेच्या सर्किटची तक्रार. पी ०४१८ म्हणजे पंपाच्या रिलेच्या सर्किटची. पी ०४९१ आणि पी ०४९२ म्हणजे हवा अपुरी, अनुक्रमे इंजिनच्या पहिल्या आणि दुसऱ्या बाजूला. कोड म्हणजे फक्त गल्लीचं नाव. घर आपल्यालाच शोधायचं.

क्रमाने कसं तपासायचं?

काकांचा नियम सोपा आहे. आधी डोळे-कान, मग मीटर, मग पाना आणि सगळ्यात शेवटी पाकीट.

पहिलं, सकाळी ऐका. गाडी रात्रभर उभी राहू द्या. पहिल्या स्टार्टला पंप व्हॅक्युम क्लीनरसारखा आवाज करतो आणि मिनिट-दीड मिनिटात थांबतो. किती वेळ चालेल आणि कोणत्या तापमानाला, हे गाडीनुसार ठरलेलं असतं. घोगरा किंवा घासल्यासारखा आवाज आला तर आत पाणी किंवा गंज आहे असं समजा.

दुसरं, फ्यूज आणि रिले. हा पंप साधारण २० ते ४० अँपियर करंट घेतो, म्हणजे दोन्ही हेडलाइट मिळून घेतात त्याच्या दुप्पट ते चौपट. त्यामुळे त्याचा फ्यूज मोठा आणि वेगळा असतो. उडालेला फ्यूज दिसला की आनंदाने नवा टाकून मोकळे होऊ नका. फ्यूज उगाच उडत नाही. आणि जास्त अँपियरचा फ्यूज तर कधीच टाकू नका, वायर जळेल.

तिसरं, कनेक्टरपाशी व्होल्ट. पंप चालू व्हायला हवा त्या वेळी मीटर लावा. बॅटरीवर आणि कनेक्टरवर अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर, अर्थिंग किंवा गंजलेली पिन बघा. काहीच व्होल्ट नसेल तर रिलेकडे मागे जा. आपल्या भागात उसाला तोड लागली की उंदीर घराकडे आणि गाडीकडे वळतात, तेव्हा वायर कुरतडलेली आहे का तेही बघा.

चौथं, पंपाला थेट सप्लाय. जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि पंप काही सेकंदच चालवा. तो थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेला असतो. फिरला तर हवा जोरात येते का ते बघा. फिरला नाही तर पंप गेला. मी इथे थांबले होते, तुम्ही थांबू नका.

पाचवं, व्हॉल्व्ह उघडतो का? व्हॅक्युमवर चालणारा असेल तर त्याची बारीक नळी काढून पंप चालू असताना बोट लावा, ओढ जाणवली पाहिजे. बॉनेटखालच्या उष्णतेने या नळ्या कडक होऊन तडकतात. पन्नास-शंभर रुपयांच्या नळीपायी हजारोंचा पंप बदलल्याच्या गोष्टी काकांकडे भरपूर आहेत.

सहावं, व्हॉल्व्ह बंद होतो का? ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, कारण तिचं उत्तर कोडमध्ये नसतं. इंजिन गरम, पंप बंद, पाइप काढलेला, समोर कागदाची पट्टी. पट्टी हलायला नको. पाइपच्या आत बोट फिरवा. काजळी किंवा ओल लागली तर व्हॉल्व्ह गळतोय हे नक्की.

सातवं, वाट मोकळी आहे का? पंप चांगला, व्हॉल्व्ह चांगला आणि तरीही हवा अपुरी असेल तर एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेली भोकं कार्बनने बुजलेली असू शकतात. हे काम मात्र जाणकार माणसाचंच.

आणि एक कडक सूचना. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून यातलं काहीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि थंड इंजिनातून तो सगळ्यात जास्त येतो. एक्झॉस्टजवळचा प्रत्येक भाग भाजतो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस फॅनपासून लांब ठेवा. काकांनी मला आधी केस बांधून यायला परत पाठवलं होतं.

प्लेट मारून टाकली तर?

हा प्रश्न मामांनीही विचारला आणि तो रास्त आहे. पंप नसला तरी गाडी चालते. पिकअप तोच राहतो. शिवाय गाडीची पीयूसी नुकतीच झाली होती आणि ती पासही झाली होती, चेक इंजिनचा दिवा लागलेला असताना!

यात गॅरेजवाल्याचा किंवा पीयूसीवाल्याचा दोष नाही. पीयूसीची तपासणी गरम इंजिनावर होते. तोपर्यंत कन्व्हर्टर जागा झालेला असतो. हा पंप काम करतो ते पहिलं मिनिट तिथे कुणी मोजतच नाही. त्यामुळे पीयूसी पास म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ होत नाही.

प्लेट मारली तर काय होतं? रोज सकाळी पहिल्या एक-दोन मिनिटांची घाण सरळ हवेत. कुणाच्या हवेत? मामांच्या घरी गाडी पडवीच्या कडेला लावतात आणि पडवीत आजी बसलेल्या असतात. एवढं सांगितल्यावर मामांनी प्लेटचा विषय परत काढला नाही. दुसरं म्हणजे नुसती प्लेट मारून दिवा जात नाही. तो कायम लागलेला राहिला की उद्या दुसरा, खरोखर गंभीर बिघाड झाला तरी तुम्हाला कळणार नाही. काही जण ईसीयूमध्ये फेरफार करून दिवाच बंद करतात. ते म्हणजे धुराची घंटा वाजते म्हणून घंटाच काढून टाकण्यासारखं. आणि प्रदूषण-नियंत्रणाची यंत्रणा काढून टाकणं नियमालाही धरून नाही.

शेवट

आम्ही व्हॉल्व्ह आधी साफ करून बघितला. पट्टी थोडी तरी हलतच होती, म्हणून मामांनी नवा व्हॉल्व्ह घेतला. पाइप आतून धुऊन वाळवला. मग पंप बसवला, तिसरा. बसवल्यावर पट्टीची परीक्षा परत घेतली, आठ दिवसांनी परत, महिन्याने परत. पट्टी हलली नाही. दिवाही लागला नाही. ॲव्हरेज पूर्वीसारखं झालं असं मामा म्हणतात.

उन्हाळी सुट्टीत मी साठवलेल्या पैशातून चार हजार मामांपुढे ठेवले. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, "ते राहू दे. पुढच्या वेळी पैसे सांगायच्या आधी कारण सांग, म्हणजे झालं." परवा त्यांच्या बोअरची मोटर जळाली. मेकॅनिक नवी मोटर बसवायला आला, तर मामांनी त्याला थांबवलं आणि विचारलं, "जळली कशानं, ते आधी बघा." मेकॅनिकने स्टार्टर उघडला. एक फेज सैल होती. तशीच राहिली असती तर नवी मोटरही गेली असती.

मित्रांनो, आपल्या अभ्यासक्रमात पार्ट्सची नावं भरपूर आहेत. कुठला पार्ट गेला हे शोधायला आपल्याला शिकवतात, तेही जरूर शिका. पण मोडलेली वस्तू हातात आली की अजून एक प्रश्न विचारायची सवय लावा, आणि गाडी रोज चालवणाऱ्याचं बोलणं मध्येच तोडू नका.

कुणाच्या घरच्या गाडीत असा पिवळा दिवा लागला असेल तर गाडी रात्रीच वर्कशॉपमागे आणून ठेवा, सरांना विचारून. सकाळी साडेसहाला काका आणि मी तिथे असू. कागदाची पट्टी आमच्याकडे आहे. नाश्ता मात्र तुमच्याकडून.